सप्ताहातून एकवार

कोथरूडमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या संधिवात विभागात शालन ओव्हाळ गेली बावीस वर्षं परिचारिका म्हणून काम करत होत्या, आणि त्यांना हे काम येतं की नाही याचा निर्णय अद्याप झालेला नव्हता. बावीस वर्षांत हा प्रश्न कुणालाही पडू नये, ही प्रशासनाची मोठीच चूक म्हणायची. पण चूक लक्षात आली की ती समितीकडे सोपवायची, अशी आपल्याकडे पद्धत आहे, आणि रुग्णालय पद्धतीला धरून होतं.

तोवर शालनताई आपल्या समजुतीप्रमाणे काम करत असत. रांगेतल्या पेशंटचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याने एकेक सांधा दाबायचा, पेशंटच्या तोंडाकडे बघायचं आणि आकडा लिहायचा. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, हा या आजारातला महत्त्वाचा प्रश्न. पुस्तकात त्याचं उत्तर मिनिटांत येतं. पेशंट म्हणत, "दूधवाला येऊन जाईपर्यंत," किंवा "नळाचं पाणी जाईपर्यंत," आणि धायरीकडचे म्हणत, "टँकर येईपर्यंत." शालनताईंना निम्म्या शहराच्या पाण्याच्या वेळा पाठ होत्या, त्यामुळे मिनिटं काढायला त्यांना अडचण येत नसे. टँकरचं तेवढं अंदाजाने लिहावं लागे.

पण त्यांची खरी हुकमत होती ती आठवड्याच्या गोळीवर. संधिवातावरची ही मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड फोडांनी भरतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि वेळेवर कळलं नाही तर माणूस हातचा जातो. आता, जो माणूस रोजची गोळी विसरतो तो आठवड्याची लक्षात ठेवील, ही अपेक्षाच चुकीची. म्हणून शालनताई पेशंटला गोळी देत नसत, वार देत.

"मावशी, उपास कुठल्या वारी करता? सोमवारी? मग मंगळवारी पोटभर जेवलात की गोळी. सोमवार देवाचा, मंगळवार गोळीचा. बाकी पाच दिवस डबीला हात लावायचा नाही."

शनिवार पेठेतल्या एका आजोबांना त्यांनी सांगितलं होतं, "आपल्या पत्त्यातच लिहिलाय, तोच वार." वारांच्या नावाच्या पेठांचा प्रश्न असा महिनाभरात सुटला. सदाशिव पेठेचा वाद राहिला, पण तो तसा सगळ्याच बाबतींत राहतो. कोथरूडच्या सोसायट्यांना गुरुवार, कारण पाणी बंद असतं तो वार कुणी विसरत नाही. ताईंच्या स्वतःच्या वस्तीतल्या बायकांना उपासाची भानगड नव्हती, त्यांना रविवार. विहारातून वंदना करून यायचं, जेवायचं, मग गोळी. बावीस वर्षांत एकाही पेशंटची ही गोळी चुकली नव्हती. मात्र याची कुठे नोंद नव्हती, त्यामुळे ते घडलं असं म्हणता येत नव्हतं.

ही उणीव गुणवत्ता विभागाचे प्रमुख सलिल दातार यांनी शोधून काढली. दातार वयाने तिशीचे, हुशार आणि कमालीचे नम्र होते. दोन महिन्यांनी बाहेरून मूल्यांकन मंडळ येणार होतं आणि दातारांची झोप उडालेली होती.

"सिस्टर, तुम्ही जे करता ते ग्रेटच आहे," ते म्हणाले, "पण ते कुठे लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात?"

"तेच तर. जे डॉक्युमेंटेड नाही ते ऑडिटच्या दृष्टीने नाहीच. उद्या मंडळाने विचारलं की तुम्ही कॉम्पिटंट आहात याचा पुरावा काय, तर आपण काय दाखवणार? पेशंट?"

पेशंट हा पुरावा होऊ शकत नाही, हे शालनताईंनाही पटलं. मग 'ज्येष्ठ विशेषज्ञ परिचारिका (संधिवात) व्यावसायिक मानके व सक्षमता निर्धारण समिती' स्थापन झाली. अध्यक्ष दातार, वैद्यकीय सदस्य विभागाचे डॉक्टर, जे एकाही बैठकीला आले नाहीत कारण ते पेशंट तपासत होते, आणि सदस्य-लेखिका शालन ओव्हाळ.

इथे शालनताईंचा एक दुबळेपणा सांगायला हवा. नर्सिंगला असताना त्यांना निबंधस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता 'सेवा हाच धर्म'. त्यानंतर पंचवीस वर्षं सगळ्यांनी त्यांच्याकडे सेवा मागितली, निबंध कुणीच मागितला नाही. त्यामुळे आदेशातला 'लेखिका' हा शब्द त्यांनी घरी येऊन तीनदा वाचला आणि आदेशाची झेरॉक्स काढून तिला प्लास्टिकचं आवरण करून घेतलं.

पहिल्या बैठकीत नावातलं 'ज्येष्ठ' ठेवायचं की 'वरिष्ठ' करायचं यावर दीड तास चर्चा झाली. "वरिष्ठ म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं," शालनताई म्हणाल्या. "ज्येष्ठ या शब्दाला एक भारदस्तपणा आहे." ज्येष्ठ ठरलं. पुढच्याच आठवड्यात मनुष्यबळ विभागाची चिठ्ठी आली की ज्येष्ठ म्हणजे वय वर्षे साठ पूर्ण, तरी वयाचा दाखला जोडावा. शालनताई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि रुग्णालयात निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी होती. म्हणजे या पदाला पात्र व्हायच्या दोन वर्षं आधी माणूस घरी बसणार होता. 'वरिष्ठ' करून घ्यावं असं दातारांनी सुचवलं, पण स्वतःचा शब्द मागे घेणं शालनताईंच्या जिवावर आलं. शेवटी त्यांना वयाची अट शिथिल करून 'प्रभारी ज्येष्ठ' करण्यात आलं.

पुढची बैठक गोळीवर होती.

"आठवड्याच्या गोळीबाबत तुमची मेथडॉलॉजी काय आहे?" दातारांनी लॅपटॉप उघडून विचारलं.

शालनताईंच्या ओठांवर 'उपास' आला होता. समोर दातार, मागे पांढरा फळा, टेबलावर बिस्किटांची बशी. अशा ठिकाणी 'सोमवार देवाचा, मंगळवार गोळीचा' हे कसं म्हणायचं? मंडळ काय म्हणेल? आपण बावीस वर्षं उपासतापास विचारत बसलो असं इतिहासात लिहिलं जाईल, याची त्यांना लाज वाटली.

"लेखी माहितीपत्रक देऊन," त्या म्हणाल्या.

"एक्सलंट," दातार म्हणाले आणि टाइप करू लागले.

ते पत्रक शालनताईंनी चार रात्री जागून लिहिलं. एरवी निबंधात न वापरता राहिलेले सगळे शब्द त्यांनी त्यात वापरले. पहिलंच वाक्य होतं, 'प्रस्तुत औषध सप्ताहातून एकवार, भोजनोत्तर, विहित मात्रेत सेवन करावे.' वाचून त्यांचं त्यांनाच भरून आलं. मुलीने, तनुजाने, वाचून विचारलं, "आई, हे औषधाचं आहे की सत्यनारायणाचं?" पण तनुजा आयटीत होती, तिला मराठीतलं काय कळणार.

एकूण चौसष्ट सक्षमता ठरल्या. त्यातली सदतिसावी, लेखिकेने पत्रकाच्या प्रेमापोटी स्वतः सुचवलेली, अशी होती: 'ज्येष्ठ परिचारिकेने पत्रकाव्यतिरिक्त कोणतीही तोंडी, अप्रमाणित माहिती रुग्णास देऊ नये.'

चौसष्ट सक्षमतांना प्रत्येकी तीन पुरावे, म्हणजे एकशे ब्याण्णव कागद. प्रत्येक कागदावर मूल्यमापकाची सही. मूल्यमापक आधीच सक्षम ठरलेला हवा, आणि अख्ख्या रुग्णालयात अजून कुणीच सक्षम ठरलेलं नव्हतं. शालनताई लेखिका असल्याने त्यांना स्वतःला तपासता येईना. दातारांनी रात्रभर नियम वाचले आणि त्यांना एक पोटकलम सापडलं. सक्षम व्यक्ती उपलब्ध नसल्यास 'विभागाबाहेरील, विभागाच्या कामकाजाचे दररोज निरीक्षण करणारी, निःपक्षपाती व्यक्ती' चालणार होती. या वर्णनात एकच माणूस बसत होता. विभागाच्या दाराशी स्टुलावर बसणारा सुरक्षारक्षक, गेनबा पोकळे.

गेनबा धायरीचा. गावची जमीन इमारतींखाली गेल्यापासून दुसऱ्यांच्या इमारती राखत होता. त्याने फायलींचा ढीग बघितला, चष्मा पुसला आणि सांगितलं, "मी जे बघितलं नाय त्याच्यावर सही करनार नाय." या एका वाक्याने दातारांचा महिनाभराचा आराखडा कोलमडला. गेनबाला आत खुर्ची द्यावी लागली. तो दिवसभर शालनताईंच्या शेजारी बसून लिही, 'सांधे दाबले. पेशंट वरडला. हाय.'

मूल्यांकनाच्या आधीच्या सोमवारी कौशल्याबाई आल्या. गेनबाच्या भावकीतल्या, धायरीच्याच, साठीच्या घरातल्या. दोन्ही हातांची बोटं सुजून मूठ वळत नव्हती. डॉक्टरांनी आठवड्याची गोळी सुरू केली आणि चिठ्ठी शालनताईंकडे पाठवली.

"लई दुखतंय गं बाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "भाकरी थापायची सुटली. सून दुकानातल्या इकतच्या पोळ्या आनती."

शालनताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि सवयीने तोंड उघडलं. "मावशी, तुमचा उप..."

शेजारी गेनबाने पेन सरसावलं. त्याच्या मांडीवरच्या फायलीत सदतिसावी सक्षमता उघडी होती, आणि तिचा तिसरा पुरावा तेवढा बाकी होता. शालनताईंनी तोंड मिटलं. पत्रक काढलं, दोन्ही हातांनी पुढे केलं आणि म्हणाल्या, "हे वाचा आणि इथे सही करा."

कौशल्याबाईंनी पत्रक लांब धरून पहिली ओळ वाचली. "बरं," त्या म्हणाल्या, आणि न वळणाऱ्या बोटांत पेन धरून सही केली. त्या सहीला त्यांना दोन मिनिटं लागली. गेनबाने लिहिलं, 'तोंडी काय बोलल्या नाय. हाय.' शालनताईंच्या मनाला काहीतरी चुटपुट लागली होती, पण चुटपुट हा पुराव्याचा प्रकार नव्हता.

शुक्रवारी मंडळ आलं. सभागृहात तीन पाहुणे, त्यांच्यापुढे सुकामेवा, आणि पडद्यावर शालनताईंचा फोटो. त्या चाळिसाव्या सक्षमतेवर, म्हणजे 'रुग्णाशी परिणामकारक संवाद' यावर बोलत असताना गेनबा दार ढकलून आत आला.

"शिस्टर, जरा बाहेर येता का?"

"गेनबा, प्रेझेंटेशन चालू आहे," दातार दबक्या आवाजात म्हणाले.

"चालू द्या की. शिस्टर, आमच्या कौशल्यावहिनीच्या तोंडात फोड आलेत. कालपासून पानी बी गिळत नाय. घरचे म्हनतात, सप्ताह चालू हाय तवर गोळी मोडायची न्हाई."

"कसला सप्ताह?"

"तुमचाच की. कागदात लिवलाय न्हवं. सप्ताहात एक वार. आमच्याकडं सप्ताह म्हंजी सात दिवस, रोज, खंड न पाडता. पारायण असतंय तसं. वहिनीनं अंघोळ करून, देवापुढं ठिवून, रोज एक घेतलीय. म्हनतीय, औषध हाय तर नेमानं करावं."

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शालनताईंनी बोटांवर मोजलं. पाच. धायरीला दरवर्षी हरिनाम सप्ताहाचा मांडव पडतो, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच. त्या स्वतः धायरीलाच राहत होत्या, आणि त्या मांडवाचा भोंगा त्यांनी दरवर्षी सात दिवस ऐकलेला होता. 'आठवडा' हा साधा शब्द त्यांना येत होता. तो त्यांनी हलका म्हणून टाकला होता.

त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि चालू लागल्या. दातार मागून म्हणाले, "सिस्टर, अजून चोवीस राहिल्यात." त्या थांबल्या नाहीत.

जिन्यातूनच त्यांनी फोन लावला. पलीकडे सून होती. "डबी काढून घ्या त्यांच्याकडून, आत्ताच्या आत्ता," शालनताई म्हणाल्या, आणि हे बावीस वर्षांतलं त्यांचं सर्वांत अप्रमाणित वाक्य होतं. तासाभरात रिक्षाने कौशल्याबाई आल्या. डॉक्टरांनी उतारा सुरू केला. पेशी बऱ्याच घटल्या होत्या. शालनताई तीन दिवस घरी गेल्या नाहीत. कौशल्याबाईंना चमच्याने पाणी पाजताना त्यांना स्वतःची इतकी शरम वाटत होती की त्या त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हत्या. बाराव्या दिवशी कौशल्याबाई पेज प्यायल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." तेव्हा शालनताई बाहेर जाऊन रडल्या.

मग चौकशी समिती बसली. तीत दातार होतेच.

"चूक माझी आहे," शालनताई म्हणाल्या. "पत्रक मी लिहिलं. त्यांना ते समजलं नाही हे मला दिसत होतं, तरी मी गप्प बसले. लिहून घ्या."

दातारांनी फाइल चाळली. "सिस्टर, इमोशनल होऊ नका. पत्रक दिलं होतं?"

"दिलं होतं."

"सही आहे?"

"आहे."

"तोंडी काही बोललात?"

"नाही ना. तेच तर..."

"म्हणजे सदतीस नंबर फुल्ली मेट. मूल्यमापकाची सही पण आहे. तुमच्याकडून काहीच चुकलेलं नाही."

"अहो, बाई मरता मरता वाचली."

"त्याबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटतंय. पण बघा, औषध बरोबर, पत्रक बरोबर, प्रक्रिया बरोबर, नर्स बरोबर. मग व्हेरिएबल काय उरतं?" दातारांनी चष्मा काढला. "पेशंट."

शालनताईंनी लेखी कबुलीजबाब दिला. तो 'आत्मपरीक्षण व सातत्यपूर्ण सुधारणा' या एकसष्टाव्या सक्षमतेचा उत्कृष्ट पुरावा म्हणून फायलीला लावण्यात आला. सभागृह सोडून जाणं हे 'आपत्कालीन निर्णयक्षमता' मध्ये धरलं गेलं. मंडळाने चौसष्टपैकी चौसष्ट दिले. बावीस वर्षांत ज्यांचा एकही पेशंट चुकला नव्हता त्या शालन ओव्हाळ, एक पेशंट मरणाच्या दारात जाऊन आल्यावर, शंभर टक्के सक्षम ठरल्या.

प्रमाणपत्र द्यायला छोटासा समारंभ झाला. 'प्रभारी ज्येष्ठ' असं सोनेरी अक्षरांत होतं. दातारांनी एक कागद पुढे केला, खाली 'वाचले, समजले, मान्य' असं छापलेलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते, फोटोवाला "इकडे बघा" म्हणत होता. शालनताईंनी सही केली.

"अभिनंदन," दातार म्हणाले. "सोमवारपासून सुरुवात करू."

"कशाला?"

"रुग्ण सक्षमता मानके. चौकशी समितीची शिफारस आहे. उपचार घेण्यास पेशंट सक्षम आहे की नाही ते आधी ठरवायचं. सदस्य-लेखिका तुम्हीच. आत्ताच संमती दिलीत ना."

शालनताईंनी कागद उलटून पाहिला. खरंच लिहिलं होतं. आता कौशल्याबाईंना हसायचा अधिकारही आपल्याला उरला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या घरी गेल्या, निबंधाचं बक्षीस कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं आणि प्रपत्र लिहायला बसल्या. एक पान, दहा कलमं. दातारांनी ते मंजूर केलं, विश्वस्तांनी मंजूर केलं, वकिलांनी पाहून शिक्का मारला, आणि महिन्याच्या एक तारखेला ते दाराशी आलं. सही केल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा गेनबाला हुकूम होता.

पहिल्या दिवशी दोनशे अकरा जणांनी सही केली. त्यांत प्राध्यापक होते, इंजिनिअर होते, दोन वकील होते, आणि 'मराठीतून फॉर्म काढलात हे फार बरं केलंत' असं म्हणून न थांबता पुढे गेलेले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. कुणालाही सरासरी चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. दोनशे अकरा जण सक्षम ठरले.

दोनशे बाराव्या कौशल्याबाई होत्या.

"गेनबाभावजी, आता म्या कागदावर आंधळेपनी सही करनार न्हाई," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवा."

गेनबाने स्टूल दिलं आणि एकेक कलम मोठ्याने वाचलं. सातव्या कलमाशी तो अडखळला, त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सातवं कलम असं होतं: 'मी हा कागद मुळीच वाचलेला नाही.'

कौशल्याबाईंनी पेन परत दिलं. "हे खोटं हाय की," त्या म्हणाल्या. "म्या तर ऐकलंय. खोट्यावर सही कशी करू?"

नियमाप्रमाणे गेनबाने त्यांच्या नावापुढे 'असक्षम' असं लिहिलं. मग तो उठला आणि त्याने त्यांना आत सोडलं. आत शालनताईंनी त्यांचा हात हातात घेतला, अंगठ्याने एकेक सांधा दाबला आणि दाराकडे एकदाही न बघता विचारलं, "मावशी, तुमचा उपास कुठल्या वारी असतो?"

"सोमवारी. हे तवाच का नाय विचारलं?"

"तेव्हा मी सक्षम होत होते," शालनताई म्हणाल्या.

ते प्रपत्र अजून चालू आहे. शहरातल्या आणखी काही ठिकाणी त्याची नक्कल गेली आहे, आणि सातव्या कलमाबद्दल आजतागायत एकाही सुशिक्षित माणसाची तक्रार आलेली नाही. तुमची प्रत घरी फायलीत असेलच. सही तुमचीच आहे, ओळखू येईल.